जिवंत यंत्राचा मृत्युदाखला

आमच्या घरीं 2012 सालीं घेतलेला एक संगणक आहे. तो दुकानदारास दाखविला तेव्हां त्यानें झांकणहि न उघडतां निकाल दिला, “यावर नवें विंडोज चढत नाहीं, भंगारांत देऊन टाका.” यंत्र बिघडलें नव्हतें. त्याच दिवशीं सकाळीं आम्हीं त्यावर दोन पत्रें लिहिलीं होतीं. वैद्यानें नाडी न पाहतां मृत्यूचा दाखला लिहून द्यावा, तसा हा प्रकार. आणि यालाच ‘प्रगति’ म्हणण्याची चाल पडली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मायक्रोसॉफ्टनें ऑक्टोबर 2021 मध्यें विंडोज 11 काढलें व त्यास टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि, प्रोसेसर इंटेलचा असल्यास, तो बहुतांशीं आठव्या पिढीचा, म्हणजे 2017 च्या उत्तरार्धांतला अगर पुढचा, असावा अशी अट घातली. सातवी पिढी सरसकट अपात्र ठरली. तरी तिच्यांतला 7820 एचक्यू हा प्रोसेसर कांहीं शर्तींवर यादींत शिरला. कंपनीनें 2018 सालीं स्वतः बाजारांत आणलेल्या सरफेस स्टुडिओ 2 या यंत्रांत हाच प्रोसेसर होता. वाचकांनीं हा निव्वळ योगायोग समजावा! पुढें 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 ची नेहमीची सेवा संपली, आणि धडधाकट यंत्रें एका दिवसांत ‘कालबाह्य’ झालीं.

आमचे एक तंत्रज्ञ स्नेही म्हणतात कीं, ही सक्ति तुमच्याच सुरक्षिततेसाठीं आहे. हा युक्तिवाद पोकळ नाहीं. मे 2017 मध्यें वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमनें ब्रिटनमधील इस्पितळांपर्यंत हाहाकार उडविला, तो दुरुस्ती न केलेल्या यंत्रांच्याच वाटेनें. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें हें शहाणपणाचें नव्हे. परंतु त्याच प्रसंगाचा उत्तरार्ध हे स्नेही सांगत नाहींत. विंडोज एक्सपीची सेवा एप्रिल 2014 मध्येंच बंद झाली होती. तरीहि संकट येतांच मायक्रोसॉफ्टनें एक्सपीसाठीं दुरुस्ती काढून ती सर्वांस फुकट दिली. तेव्हां अडचण सामर्थ्याची नसून इच्छेची आहे, असें आम्हीं म्हटलें तर त्यांत अन्याय कोणता?

जुन्याला जन्मभर पोसावें असें आमचें म्हणणें नाहीं. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं 1991 सालीं लिनक्स लिहावयास घेतलें तें 386 या प्रोसेसरवर. त्याच 386 चा आधार लिनक्समधून डिसेंबर 2012 मध्यें काढण्यांत आला. पण 386 होता 1985 चा! सत्तावीस वर्षांनीं दिलेला निरोप आणि चार वर्षांनीं नव्या घराचें बंद केलेलें दार, यांस एका मापानें मोजतां येत नाहीं.

आमच्या यंत्रांत भाचीनें एसएसडी बसविली व लिनक्स मिंट घातलें. एका संध्याकाळीं काम झालें. (जुना स्कॅनर मात्र त्यानंतर रुसला, आणि जुन्याचे भक्त असल्या गोष्टी हटकून लपवितात, हेंहि सांगितलें पाहिजे.) पण प्रत्येक घरीं अशी भाची नसते. ज्यांच्या घरीं नाहीं, त्यांनीं दुकानदाराच्या शब्दावर पन्नास हजारांचें नवें यंत्र घ्यावें काय?

आमची मागणी साधी आहे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तशी संगणकाच्या खोक्यावर दुरुस्ती कोणत्या सालापर्यंत मिळेल तें साल छापावें, आणि तें विक्रीपूर्वीं छापावें.