दिवाळीच्या सोडतीतली सायकल

मागच्या अंकात कार्यकारिणीच्या बैठकीचा वृत्तांत आला होता. हॉलचं भाडं आणि ताटाची किंमत वाचून बहुतेकांनी तो खाली ठेवला असेल. पण शेवटच्या ओळीत एक ठराव आहे. यंदा दिवाळीच्या सोडतीत मुलांसाठी पहिलं आणि दुसरं बक्षीस म्हणून दोन माउंटन बाइक द्यायच्या, 'पुढच्या शॉकअपसह'. बैठकीला मी हजर होते आणि ज्यांनी हात वर केले त्यांत मीही होते. तो हात आता मला खाली घ्यायचा आहे. त्यासाठी संपादकांनी दोन पानं दिली याबद्दल आभार. आकृत्या काढू नका, झेरॉक्समध्ये नुसते काळे ढग उमटतात, ही त्यांची सूचना मान्य.

बैठकीनंतर तीन आठवड्यांनी आपल्यातल्या एका कुटुंबातला तेरा वर्षांचा मुलगा गॅलब्रेथ गॅपच्या बाजूने रॉथरॉकच्या जंगलात मित्रांबरोबर सायकलवर गेला आणि उतारावर हँडलवरून पुढे फेकला गेला. उजवं मनगट मोडलं. हेल्मेट होतं, म्हणून गोष्ट मनगटावर थांबली. आपण नव्या कुटुंबांना चार पानांचा कागद देतो, गादी कुठे मिळते, हिवाळ्याचा कोट कधी स्वस्त होतो वगैरे. त्यातली सायकलीची ओळ माझी. 'मोठ्या दुकानात दीड-दोनशे डॉलरला शॉकअपची सायकल मिळते, मुलांना आवडते.' दोन वर्षांपूर्वी त्या आईबाबांनी ती वाचली आणि तशीच सायकल आणली. मी भेटायला गेले तेव्हा मुलगा प्लास्टरमधला हात दाखवून म्हणाला, "मावशी, खूप दुखत नाही." त्याच्या आईने चहा केला. कागदाचा विषय कोणीच काढला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

सायकल मी घरी आणली आणि गॅरेजमध्ये चिमटा उघडला. मिरजेला माझ्या मामांचं सायकलीचं दुकान होतं. सुटीत तिथे चिमटा, बुश, छर्रे हे शब्द मी शाळेतल्या शब्दांआधी शिकले. इकडे चिमट्याला फोर्क म्हणतात, आणि शॉकअपचा असेल तर सस्पेन्शन फोर्क. आतून बाहेर आलं ते वंगण नव्हतं, तांबूस पाणी होतं. डावी नळी गंजून जवळजवळ जाम झालेली आणि उजवी अर्धवट हलणारी. बुश इतके झिजलेले की पुढचा ब्रेक दाबला की अख्खा चिमटा मागे-पुढे खडखडत होता. तो यामुळेच पडला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. उतार मोठा होता, वेगही असेल, आणि तेरा वर्षांच्या मुलाला पुढचा ब्रेक किती दाबायचा हे कोणी शिकवलं नव्हतं. पण तो चिमटा त्याला वाचवायला काहीच करत नव्हता, आणि वजन मात्र सगळं घालत होता.

त्यानंतर मी आपल्या आठ-दहा घरी विचारत फिरले. जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये एक तरी अशी सायकल निघाली. शॉकअप कसा आहे असं विचारलं की उत्तरं अगदी वेगवेगळी. दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "तो हलतच नाही." आपले एक वजनदार काका म्हणाले, "अगं, फूटपाथवरून उतरलो की खाडकन तळाला आपटतो." कॉलेज अव्हेन्यूवरून रोज लॅबला जाणाऱ्या विद्यार्थ्याची काहीच तक्रार नव्हती. "असतो आपला पुढे," एवढंच म्हणाला. जानेवारीत दगड होतो आणि जूनमध्ये पुन्हा बरा होतो, असं दोघांनी सांगितलं. चौघांनी तो कधी उघडलाच नव्हता. उघडायचा असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

ही सगळी माणसं खरं बोलत होती, हे सांगण्यापुरतं थोडं शास्त्र.

स्वस्त फोर्कमध्ये बहुधा एकच स्प्रिंग असते, आणि ती मोठ्या माणसाचं वजन धरून बसवलेली असते. सायकलीवर बसलं की साधारण चाळीस टक्के भार पुढच्या चाकावर येतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाचे तीस किलो आणि तीस किलोच्या मुलीचे बारा. त्या बारातला बराचसा भाग नळ्यांमधलं घर्षण मोडण्यातच जातो. म्हणून तिचा हलत नाही, आणि काकांचा तळाला जातो. वरती एक प्लास्टिकचं बटण असतं, ते फिरवलं की स्प्रिंग 'कडक' होते असा समज आहे. ती कडक होत नाही. सुरुवातीलाच थोडी दाबून ठेवली जाते, इतकंच. स्प्रिंगचा स्वभाव बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

दुसरी गोष्ट तेलाची. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि होती तशी परत फेकते. दगडावरून जाताना दाबली गेलेली स्प्रिंग पुढच्याच क्षणी हँडल वर उडवते. आपल्याकडे बँकेच्या दाराला वर तेलाची नळी असते, दार आपोआप पण सावकाश मिटतं. नुसत्या स्प्रिंगचं दार मात्र नाकावर आपटतं. चांगल्या फोर्कमध्ये तेल बारीक भोकातून ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होऊन जाते. अगदी स्वस्त फोर्कमध्ये हे काम घर्षणावर सोडलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखे. फरक नळीच्या आत आहे आणि दुकानात नळी कोणी उघडून दाखवत नाही.

हे असं का झालं याचा इतिहास छोटा आहे. पॉल टर्नर या मोटारसायकलवाल्या माणसाने १९८९ च्या सुमारास रॉकशॉक्सचा पहिला फोर्क काढला. त्यात हवा आणि तेल होतं. १९९० साली कोलोरॅडोत दुरँगोला जागतिक स्पर्धा झाली, तिथे ग्रेग हर्बोल्ड तो फोर्क लावून उताराची शर्यत जिंकला. मग प्रत्येक मुलाला शॉकअप हवासा झाला. रूप भराभर स्वस्त सायकलींपर्यंत उतरलं, आतलं काम उतरलं नाही. २००० साली इथे स्वस्त फोर्क मोडण्याच्या तक्रारींवरून हजारो सायकली परत मागवाव्या लागल्या होत्या. सायकलीच्या चिमट्यासाठी केंद्र सरकारचा नियम आहे. ३९.५ ज्यूल ऊर्जेचा मार त्याने न मोडता सोसला पाहिजे. नियम चांगला आहे, पण तो मजबुतीचा आहे. दोन हिवाळे मिठात काढल्यावर फोर्क हलतो का, हे तो विचारत नाही.

आणि मीठ हेच आपल्या गावातलं खरं दुखणं. नोव्हेंबर ते मार्च ॲथर्टन स्ट्रीटवर जे पांढरं पाणी उडतं, ते सोडियम क्लोराइडचं, कधी त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. हे शेवटचे दोघे हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे सायकल वाळली असं वाटतं तेव्हाही नळी ओलीच असते. स्वस्त फोर्कच्या नळ्या क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या. या मुलाम्याला केसाहून बारीक भेगा असतात. क्लोराइड त्यांतून आत जातं, खाली गंज फुगतो, क्रोमचा पापुद्रा सुटतो आणि मग प्रत्येक धक्क्याला तो बुशवर पॉलिशपेपरसारखा घासतो. वरून कोणीतरी प्रेमाने डब्ल्यूडी-४० मारतं. हा पदार्थ १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवला, नावातच ते आहे. तो बहुतांशी हलका द्रावक आहे. असलेलं थोडं वंगणही धुऊन नेतो.

काही फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जोडीला पॉलियुरेथेनचा रबरी दांडा असतो. थंडीत त्याच्या साखळ्यांची हालचाल मंदावते आणि तो कडक होतो, म्हणून जानेवारीतला दगड. शिवाय या जातीतले काही प्रकार ओलाव्याने हळूहळू तुटतात. भारतात कपाटात ठेवलेले चांगले बूट तीन वर्षांनी काढावेत आणि तळ हातात चुरा होऊन यावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. तेच रसायन. मी या विषयावर फार बोलते अशी घरची तक्रार आहे, तेव्हा पुरे.

आता दुसरी बाजू. माझ्या फेरीत एक विद्यार्थिनी भेटली जी असाच स्वस्त फोर्क घेऊन तीन वर्षं रॉथरॉकमध्ये फिरते आहे आणि खूश आहे. टसी डोंगराच्या माथ्यावरचा टस्कारोरा क्वार्टझाइट त्रेचाळीस-चव्वेचाळीस कोटी वर्षांचा, काचेसारखा कठीण. त्याचे डोक्याएवढे धोंडे इथल्या पायवाटांवर पसरले आहेत. अशा वाटेवर साध्या चिमट्याने हाताची हाडं खिळखिळी होतात, हे तिचं म्हणणं मी नाकारत नाही. पण तिने काय केलं ते ऐका. आपल्या वजनाची हलकी स्प्रिंग मागवून बसवली. दर दोन महिन्यांनी नळ्या बाहेर काढून, पुसून, नवं ग्रीस भरते. हिवाळ्यात सायकल तिच्या खोलीत, पलंगाशेजारी. तेव्हा स्वस्त फोर्क वाईटच असतो असं मी म्हणत नाही. त्याला असा एक माणूस लागतो. सोडतीच्या चिठ्ठीबरोबर आपण तो माणूस देत नाही.

बैठकीनंतर हे बोलले तेव्हा दोन प्रकारची उत्तरं मिळाली. ज्येष्ठांचं उत्तर, आम्ही साध्या सायकलीवर डबलसीट जन्म काढला, हे शॉकअपचं खूळ कशाला. त्यांना बळ द्यायचं तर २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू कॅलिफोर्नियापासून ॲनापोलिसपर्यंत सुमारे तीन हजार मैल नऊ दिवसांच्या आत गेले आणि २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ एकट्याने गेले. त्या शर्यतीच्या सायकलींना शॉकअप नसतो. पण ते डांबरावरून गेले, टसीच्या धोंड्यांवरून नाही. एवढं मान्य करूनही सांगते, की आपली बहुतेक मुलं शाळेला, ग्रंथालयात आणि मित्राच्या घरी जातात. त्यांना रुंद टायर आणि त्यात थोडी कमी हवा पुरते. स्वस्त शॉकअपचा चिमटा अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा पोलादी एक किलोभर. दीड किलो लोखंड दहा वर्षांच्या मुलीने चढावर का ओढायचं?

दुसरं उत्तर जास्त अवघड होतं. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला बोलायला सोपं आहे. माझ्या मुलाला वर्गातल्या मुलांसारखी दिसणारी सायकल हवी आहे. स्टायपेंडवर मी ती दीडशे डॉलरलाच देऊ शकतो." यावर माझ्याजवळ पटकन उत्तर नव्हतं. शाळेत डबल शॉकअपची सायकल असलेल्या मुलीकडे मी कशी बघायचे ते मला आठवतं. दोन सुटकेसांवर आलेल्या माणसाने मुलाला इथल्यासारखं दिसू द्यावं असं वाटणं यात हसण्यासारखं काही नाही. फक्त इतकंच म्हणेन, की त्या दीडशे डॉलरचे निम्मे पैसे दिसण्याला जातात आणि ते कापले जातात ब्रेक, चाकं आणि गिअर यांतून. त्याच पैशांत वापरलेली, साध्या चिमट्याची, चांगल्या ब्रेकची सायकल मिळते. मे महिन्यात विद्यार्थी गाव सोडतात तेव्हा तर हमखास. तेल-हवेचा बरा फोर्क एकटाच अडीच-तीनशे डॉलरला येतो, म्हणजे दीडशेच्या सायकलीत तो असणं शक्य नाही, हे मुलालाही समजावता येतं. माझ्या तेरा वर्षांच्या रुग्णाला ते पाच मिनिटांत समजलं. त्याने आता सायकल काळी रंगवून साधा चिमटा लावायचा असं ठरवलं आहे. रंगाचा आग्रह त्याचा.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे, की सोडतीत शॉकअपविना दोन सायकली द्याव्यात, बरोबर हेल्मेट, आणि उरलेल्या पैशांत मंडळासाठी अवजारांची एक पेटी घ्यावी. सोडतीला कमी गर्दी होईल असा कोषाध्यक्षांचा अंदाज आहे. तो खराही ठरेल. चार पानी कागदातली माझी ओळ मी आजच खोडली आहे. जुन्या प्रती घरात असतील तर तुम्हीही खोडा.

आणि ज्यांच्याकडे अशा सायकली आहेतच त्यांनी आज एक करून पाहा. कोथिंबिरीच्या जुडीचा रबरबँड फोर्कच्या चकचकीत नळीवर, खाली सीलला टेकवून बांधा. मुलाला हळूच सायकलीवर बसवा, उतरवा, आणि रबरबँड किती वर सरकला ते मोजा. ऐंशी मिलिमीटरच्या फोर्कला पंधरा-वीस मिलिमीटर बरोबर. पाचाच्या आत असेल तर तो फोर्क त्या मुलासाठी नाही. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. खडखड ऐकू आली तर ती डोंगरात नेऊ देऊ नका. बर्फ पडायच्या आधीचे तीन शनिवार, दुपारी दोन ते पाच, माझं गॅरेज उघडं आहे. मामांच्या भाषेत आपण सगळ्या सायकली ओव्हरऑइल करू. ग्रीस माझ्याकडे आहे. जुने टॉवेल तेवढे घेऊन या, घरातले आता संपले.