कुटुंबवत्सल फौजदार

मामा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निधनवार्ता आली. चार ओळी. नाव, वय, मागे पत्नी, दोन मुलगे, विवाहित मुलगी, नातवंडे असा परिवार. आणि सुरुवातीला ते ठरलेले वाक्य : 'निवृत्त पोलीस अधिकारी व कुटुंबवत्सल गृहस्थ'. मजकूर मीच लिहून दिला होता. छापून आल्यावर मात्र 'कुटुंबवत्सल' या शब्दावर अडखळलो. आपल्याकडे मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ, सुस्वभावी आणि कुटुंबवत्सल असतो. पण जो माणूस सगळ्या नोकरीत जेमतेम पाच-सहा चवथींना पूर्णवेळ घरी होता, त्याला हा शब्द कशाच्या बळावर लावायचा?

मामा १९६५ साली शिपाई म्हणून भरती झाले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. भरतीच्या वेळी गोवा मुक्त होऊन चार वर्षेही झाली नव्हती. आजीने दोन दिवस अन्न घेतले नाही. तिच्या लेखी पोलीस म्हणजे पोर्तुगिजांचा पोलीस, आजेंत मोंतेरोच्या जातीचा, माणसांना उचलून नेऊन हाडे मोडणारा. आपला मुलगा तसल्या कपड्यांत दारात उभा राहणार ही कल्पनाच तिला सोसवेना. मुक्तीनंतर पोलिसात गेलेल्या पहिल्या पिढीला आधी आपल्याच घरात ही भीती घालवावी लागली, याची नोंद माझ्या वाचनात तरी कुठे आलेली नाही. मामांनी कधी कुणावर हात उचलला नाही असे मी म्हणणार नाही. एकदा विचारले होते, तर त्यांनी पानाचा डबा उघडला आणि पाऊस कसा लांबला ते सांगायला लागले. मी काय ते समजलो.

गोव्यात बंदोबस्ताला कधी खळ नसते. जत्रा, शिगमो, कार्निव्हल, जुन्या गोव्याचे फेस्त, दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन, निवडणुका. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे प्रमुख गोव्यात विश्रांतीला आले, तेव्हा मामा किती दिवस घरी नव्हते हे मामी अजून बोटांवर मोजून दाखवते.

पण खरी कसोटी १९८६ च्या डिसेंबरात लागली. राजभाषेचे आंदोलन पेटले होते. कोकणी आणि मराठी, दोन्ही बाजूंनी आपलीच माणसे. रस्ते अडवले गेले, हिंसा झाली, माणसे मेली. आमचे घर पक्के मराठीवाले. मामीचा धाकटा भाऊ तर मोर्चांत पुढे असायचा. एके संध्याकाळी नाक्यावर मामा काठी घेऊन उभे आणि समोरच्या जमावात मेहुणा. मामांनी त्याला बाजूला घेतले आणि एवढेच म्हणाले, "घरा वच. तुजी भयण सकाळ धरून जेवूंक ना." तो गेला, पण वर्षभर मामांशी बोलला नाही. वाड्यावर 'फौजदार तिकडचा' असे ऐकावे लागले ते वेगळेच. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा संमत झाला त्या दिवशीही मामा ड्युटीवरच होते. त्यांना काय वाटले ते त्यांनी कधी सांगितले नाही. मराठी वर्तमानपत्र मात्र शेवटपर्यंत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, निधनवार्तांसकट.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. ६ एप्रिल १९८६ रोजी पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात चार्ल्स शोभराज पकडला गेला. पकडणारे मुंबई पोलीस दलातले मधुकर झेंडे. त्यांनी त्याला १९७१ मध्येही पकडले होते. पुढे त्या हॉटेलात पुतळा बसवला गेला तो कोणाचा? शोभराजचा! लोक त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेत. पकडणाऱ्याचे नाव नव्या पिढीला कळले ते २०२५ साली त्याच्यावर सिनेमा निघाला तेव्हा. चोराचे आपल्याला भारी कौतुक. त्याला धरणारा दिसतो तो सिनेमा निघाला तर. आणि ज्याच्या नोकरीत शोभराज आलाच नाही, नुसते बंदोबस्तच आले, त्याचे काय? स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी आपण लिहून घेतल्या, ते योग्यच झाले. पण जनमत कौलापासून राजभाषेपर्यंत प्रत्येक गर्दीच्या मध्ये उभ्या असलेल्या या माणसांना कुणी विचारले? ती पिढी आता एकेक करून चालली आहे. मीही मामांना धड विचारले नाही, हे कबूल करतो.

बाराव्याला मामीपाशी हा शब्दाचा घोळ काढला. ती म्हणाली, "म्हजें आयुश्य वाट पळोवपांत गेलें, तें बरय पेपरांत." मग जरा वेळाने आपणच सांगायला लागली. मामा रात्री एक-दोनला यायचे. कुणाची झोपमोड नको म्हणून बूट बाहेर सोप्यावर काढायचे, थंड पेज स्वतःच वाढून घ्यायचे आणि मग दिव्याखाली बसून ब्लेडने मुलांच्या पेन्सिलींना टोके काढून ओळीने मांडून ठेवायचे. सकाळी मुले उठायची तेव्हा बाप पुन्हा गेलेला असायचा, किंवा मेल्यासारखा झोपलेला. पेन्सिली पाहून मुलांना कळायचे, रात्री बाबा आला होता.

मामीच्या ट्रंकेत एक कागद सापडला. एका बाजूला कुठल्याशा जत्रेच्या ड्युटीची टाचणे, पाठीमागे मामांच्या अक्षरात माटोळीची यादी : सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, निरफणस, कवंडळ. कोणते फळ कोणाच्या कुळागरातून आणायचे आणि कुठल्या दांडीला बांधायचे, तेही लिहिलेले. खाली एक ओळ : 'रजा मिळाली नाही तर थोरल्याने बांधावी. गाठ दोनदा मारावी.'

मामांच्या थोरल्या मुलाने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला आहे. तो आता पन्नाशी ओलांडलेला. माटोळी कशी बांधायची हे त्याला कधीच पाठ करावे लागले नाही, म्हणतो, कारण दरवर्षी आदल्या दिवशी अशी चिठ्ठी यायचीच.