येत्या ग्रामसभेला त्यांना घेऊन या

एरंडोल तालुक्यातल्या कासोदा, उत्राण, रिंगणगाव, तळईपासून शेवटच्या वस्तीपर्यंतच्या सर्व बंधू-भगिनींना कळकळीची विनंती आहे. येत्या ग्रामसभेला एकटे जाऊ नका. घरातली, शेजारची, गल्लीतली जी माणसं कुणाच्या आधाराशिवाय उंबरा ओलांडू शकत नाहीत, त्यांना सोबत घेऊन जा. त्यांच्या नावानं योजना येतात, निधी येतो, साहित्य येतं, शिबिरं भरतात. पण काय यावं आणि कसं यावं हे ठरताना त्यांना कुणी विचारत नाही. हे आता थांबलं पाहिजे. आणि त्यासाठी मुंबईकडे बघत बसायची गरज नाही, बरंचसं आपल्याच गावात ठरतं.

सरकारी इमारतीला रॅम्प हवा असा नियम झाला, म्हणून गावोगावी रॅम्प झाले. चाकाच्या खुर्चीला उतार एकास बारा लागतो. म्हणजे जोतं दोन फूट उंच असेल, तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. आपल्या भागात हिंडून बघा, असे किती सापडतात? पाच-सहा फुटांत उरकलेल्या उतारावर मोटारसायकल झोकात चढते, खुर्ची चढत नाही. दोघांनी मागून लोटून चढवली, तरी उतरताना बसणाऱ्याला जीव मुठीत धरावा लागतो. कुठे रॅम्प संपतो तिथेच उघडी गटार, कुठे वर पोचल्यावर दाराला चार इंचांचा उंबरा. बिल निघतं, फोटो निघतो आणि कागदावर इमारत सर्वांसाठी खुली होते. काम सुरू करण्याआधी खुर्चीवरच्या एकाच माणसाला जागेवर बोलावून विचारलं असतं, तर ही चूक पहिल्याच दिवशी लक्षात आली असती.

अनुदानाचंही तेच. संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या दोन योजनांवर आपल्या तालुक्यातल्या कितीतरी चुली पेटतात. महिन्याला १,५०० रुपये. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये २,५०० झाली. पैसे आता आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात. मधले हात सुटले, हे चांगलंच झालं. पण आयुष्यभर कापूस वेचलेल्या, निंदणी-खुरपणी केलेल्या बाईच्या बोटांवर रेघा उरतात का? पैसे काढायला यंत्रावर ती एकदा अंगठा ठेवते, पदराला पुसून पुन्हा ठेवते, मग दुसऱ्या हाताचा ठेवते. मागं रांग खोळंबते. “मन्हा अंगठा लागत नही, भाऊ,” असं म्हणून ती बाजूला होते, जणू गुन्हा तिचाच. ही व्यवस्था आखताना खानदेशातली एक शेतमजूर म्हातारी त्या टेबलाशी असती, तर अंगठ्याला पर्याय काय, हा प्रश्न तिनं सगळ्यात आधी विचारला असता. याच योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षे २१ हजार रुपये राहिली. दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात घर चालवून पाहिलेल्या माणसानं हा आकडा कधीच लिहिला नसता.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी एरंडोलहून जळगावला जायचं तर तीसेक किलोमीटर. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. सवलत मिळाली, पण बसची पायरी गुडघ्याच्या वर राहिली. ज्याला पाय उचलता येत नाही त्याला तिकिटाआधी पायरीची चिंता असते, आणि ती चिंता सवलत ठरवणाऱ्या कागदावर कुठेच नसते.

इथे घरच्यांशीही थोडं बोलायचं आहे, कारण दोष फक्त कचेऱ्यांचा नाही. साहेब विचारतात, “यांना काय त्रास आहे?” प्रश्न खुर्ची ढकलणाऱ्याला असतो, आणि उत्तरही तोच देतो. बसलेला माणूस ऐकत राहतो. आपणही घरात असंच करतो. बापाला काय हवं ते मुलगा सांगतो, सासूला काय हवं ते सून सांगते. प्रेमापोटीच सांगतात, यात शंका नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना उपयोगी साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात: चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, असं काहीही. घरात ठरतं, काठी घेऊ. आणि म्हाताऱ्याला हवं असतं श्रवणयंत्र, कारण वर्षभर त्याला नातवंडांचं बोलणं ऐकू आलेलं नसतं. मुलं सुरतेला, नाशिकला, पुण्याला कामाला गेलेली, दिवसभर घर रिकामं. अशा माणसाला काय हवं, याचा अंदाज आपण लावू नये. त्यालाच विचारावं, आणि सांगेपर्यंत थांबावं.

कायदा या बाबतीत आपल्या पुष्कळ पुढे आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण आपण मागतोय ती मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारतानं २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. दिव्यांगांशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्याशी, त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करावी, असं तो करार स्पष्ट सांगतो. त्यातूनच २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यानुसार, ज्याला कायम दुसऱ्याची मदत लागते, अशा माणसाला स्वतः अर्ज करून जास्तीच्या आधाराची मागणी करता येते. सांभाळ करणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूदही त्यात आहे. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली पालकत्व ठरवणारी जी स्थानिक समिती असते, तिच्या तीन जागांपैकी एक जागा दिव्यांग व्यक्तीचीच असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आढावा मंडळांवर मानसिक आजार अनुभवलेल्या किंवा अशा माणसाला सांभाळणाऱ्या सदस्यांना जागा दिली. जागा कायद्यानं दिल्या आहेत. त्यांवर बोलणारं माणूस बसलं की नाही, हे बघायला आपण कधी गेलो?

साठी-पासष्टीची आई आणि तिशीतला मुलगा, ज्याला जेवणही भरवावं लागतं, अशी घरं आपल्या तालुक्यात आहेत. त्या आईच्या तोंडी एकच प्रश्न असतो, “मन्हा मांगे यान्हं कसं व्हई?” या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलेल्या कुठल्याही बैठकीत ती आई नसेल, तर ती बैठक कशासाठी भरवायची?

हे जमतं, आणि महाराष्ट्रातच जमलेलं आहे. तरुण वयात कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. वसतिगृह, शाळा, कार्यशाळा, सगळं त्यातून उभं राहिलं. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन वाचा. दार किती रुंद हवं, संडासात हात धरायला काय हवं, हे ज्याला रोज लागतं त्यालाच नेमकं ठाऊक असतं, ही गोष्ट वाचता वाचता पटत जाते. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात तर समाजानं गावाबाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णांनीच जमीन फोडली, विहिरी खणल्या, घरं बांधली. परदेशातला अनुभवही वेगळा नाही. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या एका निवासगृहात राहणारे पॉल हंट आणि त्यांचे सोबती आपल्या दिनक्रमावर आपलाही शब्द चालावा म्हणून व्यवस्थापनाशी झगडले. १९७२ मध्ये हंट यांनी ‘गार्डियन’ला पत्र लिहून अपंगांना एकत्र येण्याची हाक दिली. त्या चळवळीचा रेटा असा की १९९६ मध्ये तिथे कायदा झाला आणि मदतनीस स्वतः निवडून नेमता यावा म्हणून पैसे थेट अपंग माणसाच्या हाती देण्याची वाट उघडली.

आपली सुरुवात याहून सोपी आहे. ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा तिला दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. कुठे कुठे हा पैसा वर्षाच्या शेवटी घाईनं वाटला जातो, सगळ्यांना सारखी वस्तू देऊन. अंधाला आणि खुर्चीवरच्याला एकच वस्तू! येत्या सभेत उभं राहून विचारा: गेल्या वर्षी हा निधी किती होता, कशावर गेला, ठरवताना कुणाला विचारलं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

दुसरी मागणी याहून महत्त्वाची. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा भरवण्याचा नियम आपल्याकडे आहेच. तशीच ग्रामसभेआधी वृद्धांची, दिव्यांगांची, दीर्घ आजारी माणसांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची बैठक प्रत्येक गावात घ्या. पायऱ्या नसलेल्या जागी घ्या, उन्हं तापायच्या आत घ्या, आणि अहिराणीत घ्या. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या खुणा समजणारं घरचं माणूस सोबत असू द्या. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी दोघा-चौघांनी जाऊन त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. त्या बैठकीत जे ठरेल ते गावाच्या विकास आराखड्यात गेलंच पाहिजे.

तहसीलदार, गटविकास अधिकारी, मुख्याधिकारी यांना आदरपूर्वक विनंती, की तालुक्याच्या प्रत्येक समितीवर योजनेचा प्रत्यक्ष लाभ घेणारी माणसं घ्या, आणि त्यांना बैठकीला आणण्या-नेण्याची सोय करा. पोटच्या पोरांनी टाकलेल्या आईबापांनाही सांगा, की निर्वाहासाठी वकिलाशिवाय दाद मागता येईल असं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे, इथे एरंडोलमध्येच आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनो, तुमच्या सभेला चालत येणारे येतातच. जे येऊ शकत नाहीत त्यांचं सदस्यत्व आधी करा. कॉलेजच्या पोरापोरींनो, अर्ज वाचून दाखवा, पोर्टल उघडून द्या, रिक्षात हात धरून बसवा. फक्त त्यांच्या वतीनं बोलू नका. शेजारी बसा, माईक त्यांच्या हाती द्या.

ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदत क्रमांक आहे, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि आज संध्याकाळी एवढं करा. आपल्या गल्लीतल्या अशा एका घराचं दार वाजवा. आत जो अंथरुणावर, खुर्चीवर, खाटेवर असेल त्याच्याशीच बोला. विचारा, “ग्रामसभेला येताय ना? यायला काय लागेल ते सांगा.” ते जे सांगतील त्याची सोय सभेच्या दिवसाआधी करा.