तीर्थवाटा : सूर्योदयापूर्वीचा पर्वत

मधुबनच्या धर्मशाळांत रात्री दोनच्या सुमारास दारे वाजू लागतात. कोणी बादलीतील पाण्याने स्नान उरकत असते, कोणी सामग्रीची पिशवी पुन्हा एकदा तपासत असते. अंगणात भाड्याच्या काठ्यांचा खडखडाट सुरू झालेला असतो. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसदकडून आलेल्या संघातील मंडळी थंडीने आखडलेली पावले जमिनीवर टेकवून पाहतात. अनेकांनी अनवाणी जाण्याचा नियम घेतलेला असतो. तीनच्या सुमारास विजेऱ्यांची एक रांग पारसनाथ पर्वताच्या अंधारात शिरते. वर चढणाऱ्याला आपल्या पुढच्या माणसाच्या टाचांपलीकडे काहीही दिसत नाही, आणि पहिल्या दोन तासांत ते बरेच असते.

झारखंडातील गिरिडीह जिल्ह्यातील हा पर्वत 1365 मीटर उंच आहे. त्या राज्यात याहून उंच शिखर नाही. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. उरलेल्या चौघांपैकी ऋषभदेव कैलासावरून, वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारवरून आणि महावीर पावापुरीहून मोक्षाला गेले. सम्मेद शिखरजीच्या वंदनेचा हिशेब यात्रेकरूंना तोंडपाठ असतो: नऊ किलोमीटर चढण, वर टोंकांच्या वंदनेचे नऊ, उतरणीचे नऊ. एकूण सत्तावीस. वीस-बावीस वर्षांच्या तरुणालाही हे सात-आठ तासांहून कमी वेळात साधत नाही, आणि वडीलधाऱ्यांना दहा-बारा तास सहज लागतात.

विदर्भातून ही यात्रा पूर्वीही सोपी नव्हती. यवतमाळचा श्रावक शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूर गाठी, तेथे मोठी गाडी पकडी, आणि पुढे दोन-तीन ठिकाणी गाडी बदलून ईसरीला पारसनाथ स्थानकावर उतरे. ती छोटी गाडी आता बंद आहे. यात्रेची पहिली थकवणारी चढण तीच होती, असे म्हणणारी पिढीही आता थोडकी उरली आहे.

पण चढाई रात्रीच का? जगात अनेक पवित्र पर्वत रात्री चढले जातात. इजिप्तच्या वाळवंटातील सिनाई पर्वत 2285 मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी सहाव्या शतकातील सेंट कॅथरीनचा मठ आहे, आणि तेथून दगडात बसवलेल्या सुमारे 3750 पायऱ्या वर जातात. यात्रेकरू मध्यरात्रीनंतर निघतात, कारण दिवसा त्या उघड्या खडकावर सावलीचा तुकडाही नसतो, आणि सूर्योदय शिखरावरून पाहायचा असतो. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जाताना पाहिलेल्या यवतमाळकराला हे कारण समजावून सांगावे लागत नाही. त्याच्याकडची शेतातली कामेही त्या दिवसांत उजाडतानाच उरकतात. शिखरजीचे कारण मात्र वेगळे आहे. तेथे दाट झाडी आहे, सावली आहे, आणि बहुतेक यात्रा थंडीच्या दिवसांतच होते. तेथे घाई असते ती सूर्यास्ताची.

अनेक यात्रेकरू वंदना पूर्ण होईपर्यंत पर्वतावर अन्न घेत नाहीत, काही तर पाण्याचा थेंबही नाही. रात्रिभोजनाचा त्याग असल्याने खाली उतरून जे काही घ्यायचे ते सूर्य मावळण्यापूर्वीच घ्यावे लागते. आणि येथे घरच्या घड्याळाची सवय फसवते. मधुबन यवतमाळच्या बरेच पूर्वेला आहे. तेथे सूर्य सुमारे अर्धा तास आधी उगवतो आणि अर्ध्या तासाहून थोडा अधिकच आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. सकाळी साडेसहाला उजेडात निघालेली आजी बारा तासांनी परतली, तर तिच्यासाठी त्या दिवसाचे अन्नपाणी संपलेलेच असते. आदल्या दिवशीच्या सायंकाळपासून धरले तर तो उपवास दीड दिवसाचा होतो, आणि मधे सत्तावीस किलोमीटर.

म्हणून तीन वाजता निघायचे. हिशेब बरोबर जुळतो, पण दुसऱ्या बाजूने एक प्रश्न उभा राहतो, आणि तो किरकोळ नाही.

ईर्यासमितीचा नियम असा की चालावे ते दिवसा, सूर्यप्रकाशात, वहिवाटीच्या निर्जंतुक मार्गाने, पुढची चार हात भूमी निरखत, जेणेकरून पायाखाली जीव चिरडला जाणार नाही. हा नियम साधूंसाठी महाव्रताचा भाग आहे. म्हणूनच मुनिसंघ उजेड झाल्याशिवाय पाऊल उचलत नाही; रात्री तीनच्या त्या रांगेत पिच्छी दिसत नाही. श्रावकाला इतका काटेकोर नियम नाही हे खरे, परंतु जी व्यक्ती जीवदयेसाठी रात्रीचा घास टाळते, तिनेच त्या घासाची वेळ साधण्यासाठी अंधारात हजारो पावले टाकावीत, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. एक नियम सांभाळताना दुसरा सैल होतो. विजेरीने प्रश्न निम्माच सुटतो, कारण प्रकाशाकडे पतंग आणि किडे झेपावतात. विजेरी कपाळावर बांधून समोर रोखण्यापेक्षा हातात धरून पावलांपुढे खाली टेकवावी, हे जुने यात्रेकरू नवख्यांना सांगतात. त्यामागे केवळ ठेच चुकवण्याची काळजी नसते.

हिवाळ्यात ही अडचण सौम्य असते. वाटेचा मोठा भाग आता बांधीव आहे, थंडीत त्यावर किडामुंगी कमी असते. पावसाळ्यात तसे म्हणता येत नाही. श्रावण शुद्ध सप्तमीला पार्श्वनाथांच्या निर्वाणदिनी शिखरजीवर मोठी गर्दी होते, आणि नेमका तोच चातुर्मासाचा काळ, ज्यात जीवोत्पत्ती अधिक म्हणून साधू विहारच थांबवतात. त्या दिवशी तरी उजाडल्यावर चढावे, झेपेल तेवढीच वंदना करावी, किंवा वयस्करांनी डोली घ्यावी. सप्तमीचा लाडू अंधारात मुंग्या तुडवत वर नेण्यात घाईशिवाय दुसरे काही दिसत नाही.

डोलीवरून घराघरांत वाद होतात. मुलगा आदल्या रात्रीच डोली ठरवू पाहतो, आई ऐकत नाही. तिने पायी वंदनेचा संकल्प केलेला असतो. गंधर्व नाला ओलांडेपर्यंत तिचा आवाज सर्वांत मोठा असतो. सीतानाल्याच्या पुढे ती बोलणे थांबवते. त्या वेळी मधूनच रिकामी डोली मिळेलच असे नाही, आणि परत फिरणेही चढण्याइतकेच अवघड झालेले असते. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की चढताना दम लागतो, पण सांधे दुखावतात ते उतरताना. नऊ किलोमीटर शरीराचा सारा भार प्रत्येक पावलाला मांडी आणि गुडघा पेलतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना निर्जळ चढणे तर उघड धोक्याचे आहे. साखर एकाएकी उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, भान सुटते, आणि अंधारात शेजारच्याला ते कळतही नाही. अशा यात्रेकरूने निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि नियम घेताना महाराजांनाही आपले दुखणे सांगावे. आगार ठेवून नियम घेण्याची सोय आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे; ती सोय अशाच माणसांसाठी आहे.

वर पोहोचता पोहोचता झाडांच्या फांद्या एकमेकींपासून वेगळ्या दिसू लागतात. गौतमस्वामींच्या टोंकेपाशी बहुतेकांना उजाडते. तेथून पुढे टेकड्यांच्या कण्यावर एकेक टोंक, एकेक चरणयुगल. चंद्रप्रभूंची टोंक दूर एका टोकाला एकटी उभी आहे, आणि तेथे जाऊन यावे की हात जोडून पुढे व्हावे यावर प्रत्येक संघात एकदा तरी बैठक भरते. जलमंदिरापाशी विसावा. सर्वांत शेवटी, सर्वांत उंचावर, पार्श्वनाथ.

याच शिखरपर्वताला संथाळ लोक मरांग बुरू म्हणून पूजतात, हे येथे विसरता येत नाही. 2023 च्या जानेवारीत पर्यटनाच्या प्रश्नावर देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला, जयपूरला उपोषण करणाऱ्या सुज्ञेयसागर मुनींचा 3 तारखेला देह गेला, आणि 5 तारखेला केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. पर्वताचे पावित्र्य राखण्याची मागणी योग्यच होती. पण तीच मागणी करणाऱ्या समाजाच्या यात्रेनंतर वाटेच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने दिसतात, आणि ती सगळी पर्यटकांची नसतात.

उतरणीला काठीचा अर्थ कळतो. ऊन पानांतून गळत असते, रात्री न दिसलेल्या दऱ्या आता दोन्ही बाजूंना दिसतात, आणि आपण येथून अंधारात आलो यावर विश्वास बसत नाही. गंधर्व नाल्यापाशी परतणाऱ्यांना अल्पाहार मिळतो. पाण्याचा पहिला पेला हातात घेऊन आजी आधी आकाशाकडे पाहते. सूर्य अजून बराच वर असतो. ती चवड्यांवर बसते, णमोकार म्हणते आणि सावकाश पाणी पिते.