भिंती आल्या, दार राहून गेले

वरळीच्या बीडीडी चाळी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. एवढ्या जागेत तीन-तीन पिढ्या नांदल्या. तेथे एकांत नव्हता असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ते पूर्ण खरे नव्हे. दारावरचा पडदा ओढलेला दिसला की शेजाऱ्याचे पाऊल मागे फिरे. आत येणारा आधी खाकरे. आतले भांडण कानी पडले तरी दुसऱ्या दिवशी त्याचा उच्चार होत नसे. भिंती अपुऱ्या होत्या, म्हणून माणसांनी मर्यादेच्या भिंती घातल्या होत्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आता स्वतंत्र शयनगृह आहे, आतून कडी लावता येते. मात्र आजच्या बहुतेक घरांत आणखी एक खोली असते आणि ती वास्तुविशारदाच्या नकाशात नसते. ती वायफायची खोली. घरातला संगणक, प्रत्येकाचा मोबाइल, दूरदर्शन संच, प्रिंटर, कॅमेरा ही सारी उपकरणे त्या एकाच खोलीत बसलेली असतात. तिला आतल्या भिंती नाहीत, आणि यंत्राला खाकरणे ठाऊक नाही.

हे कसे घडते ते समजून घेऊ. संगणकातील चित्रे व चित्रफिती दिवाणखान्यातील पडद्यावर पाहता याव्यात म्हणून उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांनी २००३ पासून एक सामाईक भाषा ठरवली; डीएलएनए हे तिचे नाव. संगणकावर ‘मीडिया शेअरिंग’ची सोय सुरू केली की तो त्या जाळ्यातील इतर उपकरणांना आपल्याकडील चित्रांची, गाण्यांची यादी सादर करू लागतो. सोय चांगलीच आहे. लग्नाची छायाचित्रे आजीला मोठ्या पडद्यावर दिसतात. पण त्याच कप्प्यात सोनोग्राफीच्या अहवालाचे छायाचित्र असले, मुलीच्या मानसोपचाराच्या औषधांची चिठ्ठी असली, तर यंत्र त्यांत भेद करीत नाही. संध्याकाळी पाहुणे बसलेले असताना कोणी रिमोट चाळतो आणि घरातील एका व्यक्तीची नाजूक गोष्ट साऱ्यांसमोर उघडी होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. इजा मात्र खरी असते.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. कारण उपचाराची सुरुवात सांगण्यापासून होते, आणि आपले बोलणे चार भिंतींत राहील ही खात्री असेल तरच माणूस सांगतो. रुग्णाची गोष्ट बाहेर न सांगणे हे वैद्यकीय व्यवसायाचे जुने बंधन आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि डॉक्टरांचा सल्ला मोबाइलवरून घेणे रूढ झाले. म्हणजे तपासणीची खोलीच आता आपल्या घरात आली. तिचे दार डॉक्टरांनी लावायचे नाही, ते आपण लावायचे आहे. एकदा ज्या सुनेचा अहवाल पाहुण्यांसमोर उघडा पडला, ती पुढचे दुखणे अंगावर काढण्याचा संभव अधिक. किशोरवयीन मुलगा तर विचारणेच सोडून देतो.

ही खोली घरापुरतीच राहते असेही नाही. शेजाऱ्याला पासवर्ड देणे हा आपल्याकडचा शेजारधर्म. पण साखरेची वाटी दिल्याने स्वयंपाकघर दिले जात नाही. पासवर्ड दिल्याने बहुधा सारी खोलीच दिली जाते. जानेवारी २०१९ मध्ये जगभरातील हजारो घरांत दूरदर्शनच्या पडद्यावर अचानक एक अनोळखी संदेश झळकला. राउटरमधील ‘यूपीएनपी’ या सोयीमुळे क्रोमकास्ट नावाची उपकरणे बाहेरच्या जगालाही दिसू लागली होती, आणि हे दाखवून देण्यासाठी कोणीतरी त्यांवर स्वतःची चित्रफीत चालवली. तेथे निरोपावरच भागले. पण उघड्या दाराने कोण येईल हे दार ठरवीत नाही.

उपाय अवघड नाहीत, एका संध्याकाळचे काम आहे. राउटरच्या खाली छापलेला मूळ पासवर्ड असेल तर तो बदलावा. वायफायचा आणि राउटरच्या व्यवस्थापनाचा असे दोन्ही. राउटरच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, ती वाचावी; अनोळखी नाव दिसल्यास ते कोणाचे याचा शोध घ्यावा. पाहुण्यांसाठी व शेजाऱ्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे. त्यावरून इंटरनेट मिळते, पण सहसा घरातील उपकरणांपर्यंत पोहोचता येत नाही. ‘यूपीएनपी’ची गरज नसल्यास ती बंद ठेवावी. संगणकावरील ‘मीडिया शेअरिंग’ लागेल तेव्हाच सुरू करावे, आणि तेही एकाच निवडक कप्प्यापुरते. वैद्यकीय अहवाल त्या कप्प्यात कधीही ठेवू नयेत. मोबाइलमधील कुलूपबंद कप्पा त्यांच्यासाठी आहे. घरातील सारे जण एकाच खात्याने मोबाइल वापरत असतील तर एकाने काढलेले छायाचित्र सगळ्यांकडे जाऊ शकते. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे असावे.

याहून महत्त्वाचे एक काम यंत्राचे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. कोणाचे खासगी अवयव दाखवणारे चित्र त्याच्या संमतीविना टिपणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली गुन्हा आहे. पण कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. आतली रीत घरानेच घालायची असते. दुसऱ्याचा अहवाल कुटुंबाच्या गटावर टाकण्यापूर्वी त्याला विचारावे. बाळाच्या आंघोळीचे छायाचित्र कौतुकाने पाठवण्यापूर्वी थांबावे. त्या बाळाला उद्या मत असणार आहे. चुकून काही दिसले तर चाळीतल्या शेजाऱ्यासारखे नजर वळवावी आणि त्याचा उच्चार करू नये. मनावर ताण आलाच, तर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे.

या पंधरवड्यात एवढेच करावे. घरातील सर्वांनी राउटरची यादी एकत्र बसून पाहावी आणि प्रत्येकाला, अगदी आजीलाही, एक प्रश्न विचारावा : तुमचे काय कोणाला दिसू नये असे वाटते? उत्तर मिळेल ते मान्य करावे. कारण विचारू नये.