नाशिकच्या वाइनला हवा इथला वाण

मा. संचालक,
राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, मांजरी, पुणे



नाशिकमध्ये १९९७ साली सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या फ्रेंच वाणांची लागवड झाली. २००० साली सुला या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आले. अकलूजच्या परिसरात इटलीचा सँजिओव्हेसेही रुजला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नाशिकचे झाले, पण बाटलीत जाणारे प्रमुख वाण आजही परदेशीच आहेत.

खाण्याच्या द्राक्षांत महाराष्ट्राने असे परावलंबन ठेवले नाही. तासगाव भागात वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून तास-ए-गणेश हा वाण निवडला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस दिले. वेगळी दिसलेली काडी या शेतकऱ्यांनी हेरली, जपली आणि वाढवली. प्रयोगशाळा त्यांच्या बागेतच होती.

वाइनच्या बागेत तशी नजर अजून पुरेशी रुळलेली नाही. शेनिनचा घडच पाहावा. मणी एकमेकांना इतके चिकटलेले असतात की काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि एक मणी तडकला, की रस शेजारच्या मण्यांवर उतरतो, कूज आतल्या आत पसरते. वरून घड ठीक दिसतो. बोटाने उकलला की आतून खराब निघतो. सैल घडाची वेल मिळाली तर हे नुकसान बरेच टळेल.

शिवाय बारीक, बियांचे हे द्राक्ष खाण्याच्या बाजारात चालत नाही. वायनरीने नाकारले तर बागायतदाराला दुसरे गिऱ्हाईक नाही. चुकीच्या वाणाचा फटका त्यालाच सर्वांत जास्त बसतो.

म्हणून केंद्राला आग्रहाची विनंती आहे. नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या जुन्या वाइन-बागांतून सैल घडाच्या, उन्हातही आम्लता टिकवणाऱ्या वेली बागायतदारांसोबत हेराव्यात. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत त्यांच्या नोंदी ठेवाव्यात आणि प्रत्येक वेलीच्या रसाची वेगळी वाइन करून पाहावी. हे एका हंगामाचे काम नाही. त्यासाठी सलग काही वर्षांचा निधी लागेल. तो मागताना बागायतदार संघ आणि वायनरी यांनाही सोबत घ्यावे. येत्या छाटणीपूर्वी निदान वेली निवडण्याचे काम सुरू करावे.

कळावे,
द्राक्षपट्ट्याचा एक हितचिंतक