पाळणाघर किती वाजता उघडते?

बाळंतपणाच्या रजेवरून परत रुजू झालेल्या भगिनीला शाखेच्या कचेरीत आपण सहसा दोन प्रश्न विचारतो. रजा पूर्ण मिळाली ना? पगार वेळेवर निघाला ना? दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले की आपण समाधानाने पुढच्या कामाला लागतो. तिच्या मनातला प्रश्न मात्र वेगळाच असतो आणि तो ती आपल्याला विचारत नाही, कारण संघटनेकडे त्याचे उत्तर असेल असे तिला वाटत नाही. पाळणाघर सकाळी किती वाजता उघडते, संध्याकाळी किती वाजता बंद होते, आणि आपली ड्युटी त्यात बसते का, हा तो प्रश्न.

रजेच्या बाबतीत कामगार चळवळीने जे पदरात पाडून घेतले ते थोडे नाही. केंद्र सरकारी सेवेत प्रसूती रजा पूर्वी ९० दिवसांची होती. पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९७ मध्ये ती १३५ दिवस झाली. सहाव्या आयोगानंतर, १ सप्टेंबर २००८ पासून १८० दिवस झाली आणि त्याच वेळी ७३० दिवसांची बालसंगोपन रजाही आली. सातव्या आयोगाने त्यातल्या दुसऱ्या ३६५ दिवसांचे वेतन ८० टक्क्यांवर आणले, हे खरे. पण रजा टिकली, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पित्यालाही ती लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये काकली घोष यांच्या प्रकरणात ही रजा सलगही घेता येते असे सांगितले. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील शालिनी धर्माणी यांच्या प्रकरणात तर स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेची अपेक्षा आहे, असे न्यायालयाने बजावले.

पण रजा कितीही वाढली तरी ती कधी तरी संपते. तिचा हिशेब मांडून पाहा. १८० दिवसांतले काही दिवस प्रसूतीपूर्वीच जातात, म्हणजे रुजू होताना मूल सहा महिन्यांचेही झालेले नसते. सरकारी योजनेतली पाळणाघरे मूल सहा महिन्यांचे झाल्यावर घेतात. मधली फट बालसंगोपन रजेने किंवा अर्जित रजेने बुजवायची. बालसंगोपन रजा मात्र हक्क म्हणून मागता येत नाही, आधी मंजुरी लागते. आणि माणसांची चणचण असलेल्या कार्यालयात ती मंजुरी मिळवणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. शिवाय मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पुरवायची ती रजा पहिल्याच वर्षी संपवून टाकली, तर दहावीच्या वर्षाला आणि आजारपणाला काय उरणार?

आता दिल्लीतले चित्र घ्या. रेल्वेच्या आरक्षण केंद्रावर दोन पाळ्या असतात, सकाळी आठ ते दुपारी दोन आणि दोन ते रात्री आठ. पहिल्या पाळीच्या भगिनीला आठच्या आधी खिडकीवर बसायचे असते. दुसऱ्या पाळीची भगिनी खिडकी बंद झाल्यावर लगेच निघू शकत नाही. कॅश जुळवून, जमा करून निघेपर्यंत साडेआठ वाजतात, आणि हिशेबात शंभर रुपयांचा फरक निघाला तर नऊ. आरएमएसच्या सॉर्टिंग कार्यालयात काम सेटवर चालते. टपाल रात्री येते, म्हणून माणसेही रात्रीच लागतात. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गेटकीपर, ट्रेन मॅनेजर, तिकीट तपासनीस, लोको पायलट या सगळ्यांचे आयुष्य रोस्टर आणि लिंकवर चालते. सातारच्या सुरेखा यादव रेल्वेचे इंजिन चालवू लागल्या त्याला तीन दशकांवर काळ लोटला. २०२५ च्या सप्टेंबरात त्या निवृत्तही झाल्या. त्यांच्यामागून शेकडो मुली रनिंग स्टाफमध्ये आल्या. पण त्यांच्या मुलांसाठी पहाटे चार वाजता दार उघडणारे पाळणाघर आपल्याला तरी कुठे दिसलेले नाही.

दिल्लीत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी गृह कल्याण केंद्राची पाळणाघरे आहेत. कार्मिक विभागाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या या संस्थेने अनेक मातांचे संसार सावरले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यांची कल्पना कचेरीतल्या नोकरीवरून सुचलेली आहे. केंद्राच्या कार्यालयांना १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. टपाल कार्यालय शनिवारीही उघडे असते आणि गाडी तर रविवारीही धावते. राष्ट्रीय पाळणाघर योजनेने, जी आता ‘पालना’ या नावाने चालते, पाळणाघर महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास चालावे असे ठरवले होते. साडेसात तास! आठ तासांची ड्युटी, चार्ज देण्याघेण्याचा अर्धा तास, आणि फरिदाबाद किंवा गाझियाबादहून ईएमयूने येण्याजाण्याचे निदान दोन तास. बेरीज साडेदहा होते. हे मधले तीन तास मूल कोणाकडे असते, याचा विचार ज्यांनी योजना आखली त्यांनी केला नाही आणि मागण्यांचे मसुदे करताना आपणही केला नाही.

ते तीन तास आजवर आजीने भरून काढले. झेलमने पुण्याहून किंवा पंजाब मेलने भुसावळहून आलेली आई नाही तर सासू, हीच दिल्लीतल्या मराठी कर्मचाऱ्याची खरी बालसंगोपन योजना. हवा मानवत नाही, भाषा येत नाही, शेजारपाजार नाही, तरी त्या माउल्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये वर्ष वर्ष काढतात. गावाकडे सासरे एकटे. यात सरकारचा पैसा वाचतो, म्हणून ही व्यवस्था कोणालाच खटकत नाही. आणि ज्यांना आजी नाही किंवा ज्यांची आजी स्वतः अंथरुणाला खिळली आहे, त्यांनी खाजगी पाळणाघरात हजारो रुपये मोजायचे. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता नर्सरीपासून मिळतो, पाळणाघराला नाही. अपंग महिला कर्मचाऱ्यांना मूल दोन वर्षांचे होईपर्यंत महिना ३,००० रुपयांचा बालसंगोपन भत्ता सातव्या आयोगानंतर लागू झाला. जानेवारी २०२४ पासून तो ३,७५० झाला. म्हणजे मूल सांभाळायला पैसा लागतो हे तत्त्व सरकारने एका ठिकाणी तरी मान्य केलेले आहे.

या प्रश्नाचा मराठी कामगारांच्या इतिहासातला एक जुना धागा विसरता कामा नये. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. त्या काळच्या पाहण्यांत ही गोष्ट नोंदलेली आहे. त्या आयांना माया नव्हती असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापाशी पाळणाघर नव्हते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. रजेची लढाई तिथून सुरू झाली. पाळणाघराची लढाई तेव्हापासून मागेच पडत आली.

दिल्लीत मात्र एक वेगळा प्रयोग झाला. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम राजघाटाजवळ चालू होते. तिथे वीटमातीत पडलेली मजूर स्त्रियांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे मुंबईतही तिचे काम पोचले. काम हलले की पाळणाघर हलायचे. आईच्या कामाची वेळ ती पाळणाघराची वेळ. जिला हजेरीपट नाही, रजा नाही, संघटना नाही अशा स्त्रीसाठी जे सुचले, ते लाखो कर्मचारी असलेल्या रेल्वेला आणि टपाल खात्याला सुचू नये, याला काय म्हणावे?

कायद्याची बाजूही आता पूर्वीइतकी लंगडी राहिलेली नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा प्रसूती लाभ कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. ही तरतूद तिथेही कायम आहे. (संहितांविषयीचे आमचे मत वाचकांना ठाऊक आहे, ते येथे पुन्हा उगाळत नाही.) त्याहून महत्त्वाची गोष्ट महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पाळणाघर आठ ते दहा तास चालावे, आणि आस्थापनेत दिवसपाळी व रात्रपाळी असेल तर पाळणाघरही त्याप्रमाणे चालवावे, असे त्यात म्हटले आहे. आमची रजा सेवानियमांतून येते, कायद्यातून नाही, असा तांत्रिक फाटा प्रशासन फोडील. फोडू द्या. सरकार खाजगी मालकाला जो धडा देते तो स्वतः गिरवायला का कचरते, एवढेच विचारायचे. चार फेऱ्यांचेही तसेच. कागदावर त्या चार आहेत, पण खिडकीवर बदली माणूस नसेल तर एकही होत नाही.

प्रशासनाचे ठरलेले उत्तर ‘सेवेची निकड’ हे असते. वेळा बदलता येत नाहीत, म्हणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीची हवा श्वास घेण्याजोगी राहिली नाही, तेव्हा केंद्र सरकारने राजधानी क्षेत्रातल्या आपल्या कार्यालयांसाठी नऊ ते साडेपाच आणि दहा ते साडेसहा अशा दोन वेळा चालवण्याची सूचना एका परिपत्रकाने काढली. धुरासाठी घड्याळ सरकवता येते, मग तान्ह्या मुलासाठी का नाही?

इथे एक कटू गोष्ट आपल्याच घरातली. लहान मुलांच्या आयांना जनरल शिफ्ट द्या, अशी मागणी आली की पाळीवरचे इतर सहकारी नाराज होतात. त्यांच्या वाट्याच्या रात्रपाळ्या आमच्या गळ्यात, ही त्यांची तक्रार. ती दुष्टपणाची नाही. जागा रिकाम्या ठेवून, लीव्ह रिझर्व्ह न भरून प्रशासनाने माणसामाणसांत लावून दिलेले हे भांडण आहे. म्हणूनच केवळ शिफ्टच्या सवलतीवर विसंबणे आम्हाला पसंत नाही. ती सवलत सुपरवायझरच्या मर्जीवर मिळते आणि मर्जीवरच जाते. घेणारी भगिनी उपकाराखाली दबते आणि पुढच्या निवडीच्या वेळी ‘ही पाळीला येत नाही’ हा शेरा तिच्या मागे लागतो. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रात्रपाळी नको, एवढी सवलत लेखी नियमाने, सर्वांना सारखी आणि बदली माणसासह मिळाली पाहिजे. त्यापुढे मात्र पाळणाघरानेच रोस्टरप्रमाणे चालले पाहिजे. आणि ते फक्त आयांचे नसावे. ज्या पोस्टमनची बायको शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करते, त्याचे मूलही तिथे आले पाहिजे. बापाचे मूल पाळणाघरात येऊ लागले की ‘बायकांचा प्रश्न’ हे लेबल आपोआप गळून पडेल.

कंत्राटी भगिनींना वगळून ही मागणी करण्यात अर्थ नाही. फलाटावर झाडू मारणाऱ्या स्त्रीला तर रजेचाच पत्ता नसतो. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील रोजंदार स्त्रियांना प्रसूती लाभ द्यावाच लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी दिला होता. त्याला पाव शतक होऊन गेले. स्टेशनच्या आवारात पाळणाघर झाले तर त्याचे दार तिच्या मुलालाही उघडे हवे. तिचा ठेकेदार कोण, हे मुलाला विचारायचे नाही.

जागा नाही ही सबब ऐकून घेऊ नये. रेल्वे वसाहतीतला रिकामा पडलेला क्वार्टर, टपाल इमारतीतली वापरात नसलेली खोली, अशा जागा शाखेच्या कार्यकर्त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात. मार्गदर्शक सूचनांत कामाच्या जागेपासून ५०० मीटरचे अंतर सांगितले आहे. त्या टप्प्यातल्या जागा पाहून ठेवाव्यात.

दिल्ली परिसरातल्या शाखा चिटणीसांना विनंती, की पुढच्या पीएनएमच्या किंवा विभागीय बैठकीच्या आधी एक साधा तक्ता तयार करावा. सहा वर्षांखालील मूल असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, स्त्री असो वा पुरुष, ड्युटी सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, घरापासून लागणारा वेळ, मुलाचे वय आणि सध्या मूल कोणापाशी असते एवढेच त्यात लिहावे. नावे लिहू नयेत. रात्रपाळीचे आकडे वेगळे काढावेत. हा तक्ता जोडल्याशिवाय पाळणाघराची बाब कार्यक्रमपत्रिकेवर पाठवू नये. तक्ता नसला की ‘अशी मागणी आढळून येत नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर येते आणि बाब बंद होते.